मिरगानंतर निघणारी मुलं

गोव्यातल्या पेडणे आणि डिचोलीच्या घरांना मुलं शिकायला बाहेर पाठवणं नवं नाही. पेडण्यातल्या मांद्र्याचे भाऊ दाजी लाड लहानपणीच मुंबईला गेले आणि 1851 साली ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून डॉक्टर होऊन बाहेर पडले. गोव्यात पदवीची कॉलेजं निघाली ती पोर्तुगीजांपासून मुक्ती मिळाल्यानंतर, 1962 साली. विद्यापीठ आलं 1985 मध्ये. आता विर्नोड्याला सरकारी कॉलेज आहे, डिचोलीत आणि साखळीतही कॉलेजं आहेत, तरी मिरगाचा पाऊस लागला की मुलं निघतातच. माझी थोरली पुण्याला गेली, धाकटा ताळगावला विद्यापीठाच्या हॉस्टेलवर. त्या दोघांना धाडताना जे कळलं ते लिहिते.

1. कागदपत्रांचं काम मुलालाच करू द्या, आणि ते दहावीनंतरच सुरू करा. पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला, बोर्डाचं मायग्रेशन सर्टिफिकेट, शाळा सोडल्याचा दाखला, सगळ्याच्या झेरॉक्स. आपल्याकडे खरी गोची होते ती नावाच्या स्पेलिंगची. बापाच्या जुन्या कागदावर आडनाव पोर्तुगीज वळणाचं, मुलाच्या मार्कलिस्टवर इंग्रजी वळणाचं, आणि आजोबांचं नाव एकीकडे आहे तर दुसरीकडे नाही. मग प्रतिज्ञापत्र करा, पुन्हा मामलेदार कचेरीत जा. माझ्या मुलीला मी खिडकीपाशी पुढे केलं आणि मागच्या बाकावर बसले. कारकुनाने माझ्याकडे बघून विचारलं, उत्तर तिने दिलं. तिसऱ्या प्रश्नापासून तो तिच्याकडेच बघून बोलू लागला. पुण्यात प्रवेशाच्या दिवशी फाईल तिच्याच हातात होती आणि कुठला कागद कुठे आहे हे तिला पाठ होतं.

2. पैशांचं खरं सांगा. हा मुद्दा मला सगळ्यांत मोठा वाटतो. माझी बहीण डिचोली तालुक्यात दिली आहे. तिच्या घरी खाणीवर चालणारा ट्रक होता. 2012 साली खाणी बंद झाल्या, मध्ये थोड्या सुरू झाल्या, 2018 मध्ये पुन्हा थांबल्या. ट्रक दारात उभा आणि बँकेचा हप्ता चालू. तेव्हा तिचा मुलगा बाहेर शिकत होता. भावोजींनी त्याला समोर बसवून वहीवर लिहून दाखवलं: घरात येतात किती, हप्ता किती, तुला महिन्याला किती देता येतील. तो मुलगा त्या दिवशी मोठा झाला. गोवा शिक्षण विकास महामंडळाचं बिनव्याजी शैक्षणिक कर्ज असतं, त्याची सगळी चौकशी त्यानेच केली. मुलांपासून लपवलं तर ती भलतं काही धरून बसतात. आपल्यामुळे घर बुडालं असंही त्यांना वाटतं. आकडा सांगा. आकड्याची भीती कमी असते.

3. पिशव्या कमी भरा. सोलं, तिरफळं, थोडा घरचा मसाला पुरे. सुके बांगडे हॉस्टेलच्या खोलीत चालणार नाहीत, हे पाच जणींच्या नाकाचा विचार करून स्वतःच ठरवावं. त्यापेक्षा ताप आला तर पेज करून घेता येईल एवढं शिकवून पाठवा.

4. बोलण्याबद्दल आधीच बोलून ठेवा. आमच्या घरात पेडण्याची कोकणी, शाळेत मराठी, पुढे इंग्रजी. पुण्यात पहिल्याच आठवड्यात कोणीतरी हेल ओळखतं आणि हसतं. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, मी आता कमीच बोलते." मी म्हटलं, "अगो, विर्नोड्याच्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते सोहिरोबानाथ आंबिये अठराव्या शतकात मराठीत लिहून गेले. तू कोणाची मराठी उसनी घेतलेली नाहीस." पुढच्या महिन्यात तिने वर्गात पेपर वाचला.

5. रॅगिंगचा विषय टाळू नका. 2009 पासून त्याविरुद्ध यूजीसीचे कडक नियम आहेत आणि 1800-180-5522 ही देशभरची हेल्पलाईन आहे. नंबर मोबाईलमध्ये घालून द्या आणि स्वच्छ सांगा: तक्रार केलीस म्हणून घरात कोणी तुला ओरडणार नाही.

6. सोडायला गेलात तर लवकर निघा. गादी घातली, कपाटाला कुलूप लावलं की आपलं काम संपलं. बादली-मग आणायला मी तिच्याबरोबर निघाले होते, तेवढ्यात शेजारच्या खाटेवरची लातूरची मुलगी म्हणाली, "मलाही घ्यायचीय." दोघी गेल्या. मी म्हापशाची रात्रीची बस धरली. त्या बादलीवरून जमलेली मैत्री अजून आहे, आणि मी तिथे थांबले असते तर ती जमायला वेळ लागला असता.

7. फोनची वेळ मुलांनी ठरवावी.

8. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, मुलं येतात, तेव्हा तिकीट फार आधी काढायला सांगा. आंबोली घाटातून येणाऱ्या गाड्या त्या दिवसांत भरलेल्या असतात. आणि आल्यावर गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायला लावा. पाहुण्यासारखं बसवून ठेवलं की ती दुसऱ्या दिवशी कंटाळतात. शिडीवर चढवलं की आपोआप बोलती होतात.

9. ताळगाव जवळ आहे म्हणून फसू नका. पेडण्याहून म्हापसा, पणजी करत तासा-दोन तासांत पोचता येतं, म्हणून दर शनिवारी मुलाला घरी बोलवायचा मोह होतो. शेजारच्या गावातलं लग्न, काकाचं श्राद्ध, कारणं संपत नाहीत. पण त्याची प्रयोगशाळा, तिथली मित्रमंडळी, रात्रीचं वाचनालय हे सगळं शनिवार-रविवारीच घडतं. पुण्याच्या मुलीला आम्ही जेवढं मोकळं सोडलं, तेवढंच ताळगावच्या मुलालाही सोडायचं असं आम्ही नवरा-बायकोने बसून ठरवलं. श्राद्धाला तो आला नाही तेव्हा नातेवाईक बोलले. त्यांना उत्तर मी दिलं, त्याला द्यायला लावलं नाही.