वृक्षतोड आणि वनातील झुडपांचा थर

वन म्हणजे केवळ उंच वृक्षांचा समूह, अशी मुलांची समजूत असते. परंतु ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या वनांत साग, ऐन यांच्या छायेखाली कारवी, कुडा, करवंद अशा झुडपांचा दुसरा थर असतो. वरचे वृक्ष तोडले असता या थराचे काय होते, हे पाठात समजावून द्यावे.

छत्र गेल्याने ऊन थेट जमिनीवर पडते व ओल लवकर आटते. सावलीतील रोपे कोमेजतात. ऊन मानवणारी झुडपे फोफावतात. मूळची अमेरिकेतील घाणेरी अशाच मोकळ्या जागी शिरते. पक्षी तिचे बी पसरवितात, गुरे तिच्या पाल्याला सहसा तोंड लावीत नाहीत. तिच्या दाटीत स्थानिक रोपांना जागा उरत नाही. ओंडके ओढून नेताना कोवळी झुडपे चिरडतात, ती हानी निराळीच.

कारवीचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. ती सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, बी टाकते व मरते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती २०१६ व २०२४ साली फुलली. आदिवासी बांधव जिच्या काठ्यांनी घराचा कूड उभारतात, ती कारवी फुलण्यापूर्वीच नष्ट झाली, तर बी पडत नाही. मग पुढची पिढी उगवणार कशी?

शिक्षकांनी ठाणे, कल्याण-डोंबिवलीच्या मुलांना जवळच्या टेकडीवर न्यावे. दाट छायेची एक व उघडी एक, अशा दोन सारख्या जागा सुतळीने आखून, काहीही न तोडता, त्यांतील झुडपे मोजून घ्यावीत. दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी मांडले, की निष्कर्ष मुले आपणहून सांगतील.