‘शाळा’ आवडली की शाळा?

सोन्या, तुझा लेख वाचला. छान आहे, पण पुस्तकांची नावं मजकुरात अशी मिसळलीस की शोधताना माझा चष्मा दोनदा पुसून झाला. तुझ्या या आत्याने जन्मभर प्रुफं वाचली. खालच्या सगळ्या चुका तिने करून झाल्यात, तू नव्या कर.

१. पुस्तक, नाटक, सिनेमा, वर्तमानपत्र यांच्या नावाला खूण कर – ‘मला शाळा फार आवडली’ हे मिलिंद बोकिलांच्या कादंबरीबद्दलचं वाक्य मी बिनखुणेचं सोडलं, तर शेजारच्या काकूंनी फी किती म्हणून विचारलं.

२. एकेरी अवतरण घे नाहीतर तिरपा ठसा, दोन्ही नको – एका पिशवीला दोन गाठी मारल्या तर सोडणाऱ्याचीच नखं तुटतात.

३. मराठीत अवतरणच बरं – तिरपा ठसा १५०१ साली व्हेनिसमध्ये आल्दुस मानुतिउसच्या छापखान्यातून आला, तो रोमन अक्षरांसाठी. आपली अक्षरं संगणक नुसती ढकलतो. शिरोरेघ जागेवर आणि काने कलंडलेले.

४. इंग्रजीत लिहिशील तेव्हा पुस्तक तिरपं, त्यातली कविता अवतरणात. मराठीत दोन्हींना अवतरणच, म्हणून ‘विशाखा’ संग्रहातली ‘पृथ्वीचे प्रेमगीत’ असं फोड करून लिही – घर कुठलं नि खोली कुठली, पाहुण्याला कळायला हवं.

५. प्रत्यय खुणेबाहेर ठेव: ‘बटाट्याची चाळ’मध्ये, ‘केसरी’त – बोलताना आपण ‘बटाट्याच्या चाळीत’ म्हणतो, पण त्या नावाचं पुस्तक कुठल्या कपाटात सापडायचं नाही.

६. एकाच नावाचे दोन असले तर ओळख दे: साने गुरुजींचं पुस्तक ‘श्यामची आई’, आणि अत्र्यांचा १९५३चा सिनेमा ‘श्यामची आई’ – दोघींनी रडवलं म्हणून दोघी एक होत नाहीत.

७. गीता, कुराण, बायबल यांना खूण नको – देव्हाऱ्यावर कुणी नावाची पाटी लावत नाही.

८. जहाजाच्या फक्त नावाला खूण कर: आयएनएस ‘विक्रांत’ – आधीचा तो हुद्दा, नाव नव्हे.

९. आंब्याचं शास्त्रीय नाव, मँगिफेरा इंडिका, रोमनमध्ये लिहिशील तेव्हा दोन्ही शब्द तिरपे आणि पहिल्याचंच आद्याक्षर मोठं – पहिला शब्द प्रजातीचा, दोन्ही मिळून जात ठरते.

१०. इंग्रजी मजकूर हाताने लिहिताना शब्दाखाली उगाच रेघ ओढू नकोस – छापखान्यात त्या रेघेचा अर्थ ‘हे तिरपं कर’. माझं एक अख्खं पान असं आडवं झालंय.

११. जोर द्यायला सारखा ठसा बदलू नकोस – वरातीत सगळ्यांनीच मुंडावळ्या बांधल्या तर माळ घालायची कुणाला?

१२. लेख पाठवण्याआधी काकूंना वाचायला दे. फी विचारली नाही, तर पाठव.