कावीळ कोणती, हे आधी विचारावे

वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पत्रकांबरोबरच एखाद्या आजाराची माहिती सोप्या शब्दांत द्यावी, या हेतूने यंदा आम्ही विषाणूजन्य यकृतदाह, म्हणजेच हिपॅटायटिस, हा विषय निवडला आहे. रुग्णालयाच्या चौकशी खिडकीवर नातेवाईक पुष्कळदा विचारतात, ‘साधी कावीळच आहे ना?’ या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, हे स्पष्ट करणे हाच या लेखाचा उद्देश होय.

कावीळ हे रोगाचे नाव नसून लक्षण आहे. रक्तातील बिलिरुबिन वाढले की डोळे व त्वचा पिवळी दिसू लागते. पित्तनलिकेतील खडा, मद्यपान, काही औषधे किंवा विषाणू यांपैकी कोणतेही कारण त्यामागे असू शकते. विषाणूंचेही ए, बी, सी, डी आणि ई असे पाच मुख्य प्रकार आहेत. तपासणी अहवालावर यांपैकी कोणते अक्षर येते, त्यावर उपचार, खर्च आणि घरातील इतरांच्या तपासण्या अवलंबून असतात.

पाण्यातून पसरणारे ए आणि ई

हे दोन्ही विषाणू प्रामुख्याने दूषित पाणी व अन्न यांतून शरीरात जातात. १९५५-५६ च्या हिवाळ्यात सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळल्याने दिल्लीत सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. त्या साथीतील रुग्णांच्या जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांची पुढे तपासणी झाली. ती साथ ‘ए’ची नव्हती, हे १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून उघड झाले आणि आज ज्यास आपण ‘ई’ म्हणतो त्या विषाणूची ओळख पुढे पटली. आपल्या राज्यात इचलकरंजी येथे २०१२ मध्ये याच ‘ई’ची मोठी साथ आली होती.

बहुतेक रुग्ण विश्रांती व पुरेसा आहार यांनी काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. गळ्यात घातलेल्या माळेला किंवा झाडपाल्याच्या औषधाला जे यश मिळाल्याचे सांगितले जाते, त्याचे मूळ येथे आहे. तथापि गर्भवती स्त्रीस, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, ‘ई’ची लागण झाल्यास शंभरांत वीस ते पंचवीस जणींपर्यंत मृत्यू संभवतो. यास्तव गरोदरपणातील काविळीत एक दिवसही दवडू नये.

रक्तातून पसरणारे बी, सी आणि डी

हे विषाणू पुनर्वापर केलेल्या सुया, न तपासलेले रक्त, अनिर्जंतुक वस्तरे व उपकरणे यांतून पसरतात. बी हा शरीरसंबंधातून आणि प्रसूतीच्या वेळी मातेकडून बाळासही होतो. एका ताटात जेवल्याने किंवा सोबत राहिल्याने तो होत नाही. म्हणून रुग्णाची भांडी वेगळी ठेवण्याचे कारण नाही. यांत डोळे पिवळे होतीलच असे नाही. वर्षानुवर्षे काहीच त्रास न होता यकृत कठीण होत जाते (सिरोसिस), पोटात पाणी होते, किंवा यकृताचा कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात २ कोटी ९८ लाख लोकांना बी व ५५ लाखांना सी ची दीर्घकालीन लागण होती.

‘बी’मध्ये वयाला फार महत्त्व आहे. जन्मतः लागण झालेल्या शंभर बालकांपैकी सुमारे ९० जणांत ती कायम राहते. निरोगी प्रौढांत हे प्रमाण शंभरांत पाचांहून कमी असते. म्हणूनच लशीची पहिली मात्रा जन्मानंतर २४ तासांच्या आत देणे महत्त्वाचे ठरते. बाधित असलेल्या प्रत्येकास गोळ्या लागतात असे नाही. तो निर्णय विषाणूंचे प्रमाण व यकृताची स्थिती पाहून होतो. टेनोफोविर व एंटेकाविर या गोळ्या विषाणूस दाबून ठेवतात, मात्र सहसा समूळ नष्ट करीत नाहीत. बरे वाटते म्हणून त्या परस्पर बंद केल्यास आजार उसळून प्राणावर बेतू शकते. ‘डी’ हा ‘बी’ असलेल्यासच होतो. त्यामुळे बी ची लस दोन्हींपासून रक्षण करते.

‘सी’वर लस नाही, परंतु तो पूर्ण बरा होतो. त्याचे जीनोटाइप नावाचे उपप्रकार असून आपल्या देशात तिसरा अधिक आढळतो. इंटरफेरॉन इंजेक्शनांच्या काळात पहिल्या उपप्रकारास ४८ आठवडे, तर तिसऱ्यास २४ आठवडे उपचार असत, आणि तरीही यशाची खात्री नसे. २०१३ च्या अखेरीस अमेरिकेत सोफोस्बुविर या गोळीस मान्यता मिळाली आणि चित्र पालटले. आता बहुतेकांना १२ आठवड्यांच्या गोळ्या पुरतात व शंभरांत ९५ हून अधिक रुग्ण बरे होतात. उपप्रकाराचे महत्त्व मात्र संपलेले नाही. तिसरा उपप्रकार यकृतात चरबी साठवतो, आणि त्याच्या जोडीला सिरोसिस असल्यास औषधांची जोडी किंवा कालावधी बदलावा लागू शकतो.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. ‘सी’ची प्रतिपिंड चाचणी आजार बरा झाल्यावरही सकारात्मकच राहते. विषाणू आज शरीरात आहे की नाही, हे आरएनए चाचणीनेच कळते. पहिला कागद पाहून घाबरू नये, आणि घरात दडवूनही ठेवू नये. सिरोसिस झालेल्यांनी विषाणू गेल्यानंतरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी.

खर्चाचा विचार

२८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात बी व सी च्या तपासण्या आणि औषधे शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळतात. ऐपत नाही म्हणून उपचार टाळू नयेत, अशी रुग्णांच्या आप्तांस आमची कळकळीची विनंती आहे. एकास बी किंवा सी निघाल्यास पती-पत्नी, मुले व भावंडे यांचीही तपासणी करावी.

देणगीदार व विश्वस्तांपुढे आम्ही हिशेबाची एक बाजू ठेवू इच्छितो. यकृत निकामी झालेल्या एका रुग्णावरील अतिदक्षता विभागाच्या खर्चात कितीतरी नवजात बालकांना लस देता येते आणि कितीतरी कुटुंबांची तपासणी होऊ शकते. यंत्रसामग्रीवर दात्याच्या नावाची पाटी लागते, लसीच्या कुपीवर लागत नाही. तरीही टळलेल्या आजाराची नोंद आमच्या मते जमेच्याच बाजूस व्हावयास हवी.