रस्त्याची हद्द

गाड्या ज्यावरून धावतात, तो केवळ वाहनमार्ग होय. वाहनमार्ग, पदपथ, गटारे, झाडे आणि भावी वाढीसाठी राखलेली जागा मिळून रस्त्याची हद्द होते. १९२० च्या मद्रास नगररचना कायद्यानंतर वसलेल्या चेन्नईच्या त्यागरायनगरात हिचे महत्त्व दिसते. तेथील सर त्यागराय मार्ग रुंद असल्यामुळे २०१९ साली त्यावर प्रशस्त पदपथ करता आले. मांबळम स्थानकालगतची रंगनाथन गल्ली मात्र अरुंद व दुतर्फा दुकानांनी भरलेली आहे. ती रुंदावणे म्हणजे इमारती पाडणे होय. शेतात भूखंड पडण्यापूर्वी नकाशावर आखलेली रेषा स्वस्त पडते. घरे उभी राहिल्यावर तीच रेषा कोणाच्या तरी माजघरातून जाते. म्हणून हद्द आजच्या रहदारीवरून नव्हे, तर उद्याच्या वस्तीवरून ठरवावी.