सायकलवरून जग फिरून मुंबईला आले

आपल्या बंदरावरून खाडीपलीकडे मुंबई दिसते. त्या मुंबईतून सहा तरुण सायकलवर बसून जगाच्या फेरीला निघाले होते. त्यांची माहिती बाईंनी आम्हांला सांगितली, ती मी लिहीत आहे.

अदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भुमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानवाला आणि नरिमन कापडिया अशी त्यांची नावे. हे सर्व पारशी होते. मुंबईच्या वेटलिफ्टिंग क्लबात ते व्यायाम करायचे. दिनांक १५ ऑक्टोबर १९२३ रोजी ते निघाले. तेव्हा आपल्या देशावर इंग्रजांचे राज्य होते.

पंजाब, बलुचिस्तान, इराण असे करत ते इराकमधल्या बगदादला पोचले. तिथून अलेप्पोपर्यंत नुसतं वाळवंट! ते पार करायला त्यांना २३ दिवस लागले. वाळूत सायकल चालत नाही, हे पीरवाडीच्या किनाऱ्यावर ज्याने चालवून बघितली त्याला माहीत आहे. चाक रुततं. मग उतरून ढकलायची. आणि तिथे तर प्यायला पाणीपण नाही. पुढे त्यांनी इजिप्त, इटली, इंग्लंड, अमेरिका, जपान, कोरिया, चीन, ब्रह्मदेश असे कितीतरी देश पाहिले. मी बाईंना विचारलं, समुद्रावर सायकल कशी चालवली? सगळे हसले. बाई म्हणाल्या, तिथे बोटीने जायचं.

सहाही जण शेवटपर्यंत बरोबर राहिले नाहीत. नरिमन कापडिया तेहरानहून घरी परतले. गुस्ताद हाथीराम यांना अमेरिका आवडली, ते तिकडेच राहिले. केकी पोचखानवाला पण अखेरीस सोबत नव्हते. हकीम, बापासोला आणि भुमगरा हे तिघेच १८ मार्च १९२८ रोजी सायकलवरून मुंबईत आले.

मला गंमत वाटते ती याची, की ते निघाले तेव्हाची मुंबई आणि आले तेव्हाची मुंबई एक नव्हती. ते निघाले तेव्हा गेटवे ऑफ इंडिया पुरते झाले नव्हते. त्याचे उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ ला झाले. विजेवर चालणारी पहिली गाडी बोरीबंदर ते कुर्ला ३ फेब्रुवारी १९२५ ला सुटली. म्हणजे हे तिघे सगळं जग बघून आले आणि आपल्याच गावात नवीन गोष्टी बघायच्या राहिल्या होत्या! आपल्या बाजूला मात्र तेव्हा नवी मुंबई नव्हती, मिठागरे आणि भातशेती होती. खाडीवर वाशीचा पूलही नव्हता, तो १९७३ साली झाला. आता २०२४ पासून अटल सेतू आहे, पण त्यावर सायकलला बंदी आहे.

त्यांचा प्रवास सुमारे ७१,००० किलोमीटर झाला. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. मी दिवस मोजले. दोन लीप वर्षे धरून १,६१६ दिवस होतात. भागाकार केला तर रोजचे जवळजवळ ४४ किलोमीटर येतात, थांबले ते दिवस धरूनसुद्धा.

जूनमध्ये आम्ही पाचवीला जाणार. ती शाळा आमच्या घरापासून ४ किलोमीटर आहे, जाऊन-येऊन ८. त्यांचा एक दिवस म्हणजे माझे साडेपाच दिवस. पण रस्त्याला कंटेनरच्या गाड्या असतात, म्हणून आई सायकलचं नाव काढू देत नाही. ती म्हणते, एकटीने जायचं नाही. मी म्हटलं, एकटी नाही, सगळे मिळून एका रांगेत जाऊ, ताई पुढे आणि मोठा मुलगा मागे. आई अजून हो म्हणाली नाही, पण नाहीपण म्हणाली नाही. आतापर्यंत आम्ही पाच जण झालो आहोत. आणखी कुणाला यायचं असेल तर त्याने मधल्या सुट्टीत मला सांगावे.

इयत्ता चौथी