पहाटे साडेतीनचं रिपोर्टिंग: झोपेचा हिशेब कसा मांडावा

नियम वैमानिकाला विश्रांतीचे तास देतो, झोप देत नाही. ती त्या तासांत ज्याची त्याने बसवायची असते. विमान कंपनीत नव्याने लागलेल्या फर्स्ट ऑफिसरला सिम्युलेटरवर इंजिन बंद पडल्यावर काय करायचं हे घोटून घोटून शिकवतात, पण दुपारी ड्युटी संपल्यावर मध्यरात्री उठायचं असेल तर झोपायचं कधी, हे फारसं कुणी सांगत नाही. म्हणून ही कृती.

१. रोस्टर आला की आधी त्यातल्या रात्री शोधा

भारतात वैमानिकांच्या ड्युटीचे नियम डीजीसीए ठरवते. जानेवारी २०२४ मध्ये ते बदलले आणि १ जुलै व १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली. तिच्यात दोन रात्री पूर्ण यायला हव्यात आणि एक विश्रांती संपल्यापासून पुढची सुरू होईपर्यंत १६८ तासांहून जास्त काळ जाता कामा नये. रात्र म्हणजे १२ ते ६; पूर्वी ती ५ वाजता संपायची. हा वाढलेला एक तास फार मोलाचा आहे, कारण २ ते ६ या वेळात शरीर सर्वांत मंद असतं.

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा रात्रीच्या ड्युटीच्या काही अटी त्या कंपनीपुरत्या १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सैल करण्यात आल्या. म्हणून रोस्टर हाती आला की त्या दिवशी कोणता नियम लागू आहे, हे आपल्या कंपनीच्या मॅन्युअलमध्ये पाहून घ्या. उड्डाणाचे ७ दिवसांत ३५, २८ दिवसांत १०० आणि ३६५ दिवसांत १००० तास ही बेरीजही स्वतः मांडा. सॉफ्टवेअर ती करतं, पण सही तुमची असते.

२. उठायच्या वेळेपासून उलटं मोजा

समजा, आज मुंबईत दुपारी साडेतीनला ड्युटी संपली आणि उद्या पहाटे साडेतीनला रिपोर्टिंग आहे. दोन ड्युट्यांमध्ये आधीच्या ड्युटीइतकी किंवा १२ तास, यांतली जास्त असेल तेवढी विश्रांती लागते. इथे बरोबर १२ तास दिसतात, म्हणजे कागदावर रोस्टर नियमात बसतो.

आता घर ठाण्याच्या पलीकडे आहे असं धरा. पोचायला पाच वाजले. गाडी रात्री दोनला येणार, म्हणजे सव्वाला उठायचं. मधे सव्वाआठ तास दिसतात आणि इथेच गफलत होते. दुपारची गुंगी ओसरल्यावर नेहमीच्या झोपेच्या वेळेपर्यंतचे दोन-तीन तास असे असतात की माणूस कितीही दमलेला असो, शरीर झोपू देत नाही. सातला दिवे मालवून पडलात तर छताकडे बघत राहाल आणि झोप लागत नाही म्हणून आणखी वैतागाल. डोळा लागणार नऊच्या सुमारास. हाती उरले सव्वाचार तास, तेही मधे जाग आली नाही तर.

म्हणून असा टप्पा रोस्टरमध्ये दिसला की आदल्या रात्रीची झोप वाढवा. त्या रात्री साडेसात-आठ तास झोप पदरात असेल तर सव्वाचार तासांचा फटका कमी बसतो, आधीच तूट असेल तर सोसत नाही.

३. घरच्यांना वेळ सांगा, नुसतं ‘शांतता ठेवा’ नको

मराठी घरात दिवसा किंवा संध्याकाळी झोपणं अवघड असतं. कुकरची शिट्टी, बेल, शेजारच्यांचं सहज डोकावणं, आणि भाद्रपदात ढोल-ताशा. त्यामुळे मोघम बोलू नका. ‘आई, मी पावणेनऊला आत जातोय. सव्वा वाजता मीच उठेन, तू जागी राहू नकोस, आणि मामाचा फोन आला तर उद्या करतो म्हणून सांग,’ असं घड्याळ लावून सांगितलं की घरचे मनापासून सांभाळतात. जेवण सातलाच आणि हलकं घ्या.

लेओव्हरच्या हॉटेलात खोली लिफ्टपासून आणि बर्फाच्या यंत्रापासून लांबची मागा. तिथे पडद्यांच्या मधोमध उजेडाची एक उभी रेघ हमखास राहते. कपाटातला पँटचा क्लिपवाला हँगर घेऊन दोन्ही पडदे त्याने एकत्र चिमटा. दाराखालच्या फटीला टॉवेल लावा, टीव्हीच्या लाल दिव्यावर कागद चिकटवा, एसी खोली गार राहील इतपत ठेवा. खोलीतल्या फोनवरून रिसेप्शनला सांगा की अमुक वेळेआधी फक्त क्रू शेड्युलिंगचा फोन जोडावा.

चहा-कॉफी झोपेच्या सहा तास आधी थांबवा. कॅफिनचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच पाच-एक तास लागतात. दारूचं तर नावच नको. उड्डाणाआधीच्या १२ तासांत ती कायद्यानेच वर्ज्य आहे, आणि तिने आलेली झोप मध्यरात्रीनंतर तुटते. झोपेची गोळी एव्हिएशन मेडिसिनच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

४. गाडी येण्याआधी तीन आकडे लिहा

दात घासून झाले की मोबाइलमध्ये तीन आकडे टिपा: गेल्या २४ तासांतली झोप, गेल्या ४८ तासांतली झोप, आणि आजची ड्युटी संपेपर्यंत सलग किती तास जागं राहावं लागेल. ऑस्ट्रेलियातल्या झोपेच्या संशोधकांनी सुचवलेली उंबरठ्याची मोजमापं सोपी आहेत: २४ तासांत किमान ५, ४८ तासांत किमान १२, आणि जागरणाचे तास ४८ तासांतल्या झोपेच्या तासांपेक्षा जास्त नसावेत. आदल्या दिवशीही असंच मध्यरात्री उठला असाल, तर वरच्या उदाहरणातले सव्वाचार तास पहिल्याच कसोटीत नापास होतात, रोस्टर कागदावर नियमात बसूनही.

आकडे लिहायचे ते याचसाठी. दमलेल्या माणसाला आपण ठीक आहोत असंच वाटतं. १९९७ च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात १७ तास जाग्या असलेल्या लोकांचे हात-डोळे रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखे चालत होते.

५. ‘फटीग’ हा शब्द उच्चारा

आकडे उंबरठ्याखाली असतील आणि शरीरही तेच सांगत असेल, तर शेड्युलिंगला लगेच फोन करा: ‘सर, साडेतीनच्या ड्युटीसाठी मी फटीगमुळे अनफिट आहे. २४ तासांत सव्वाचार तास झोप झाली आहे. रिपोर्ट आज भरतो.’ एवढंच. माफी मागत बसू नका.

फटीगला ताप म्हणू नका. ‘सिक’ लिहिलं की तो रोस्टर निर्दोष ठरतो आणि पुढच्या महिन्यात तोच दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येतो. नव्या नियमांनुसार कंपनीला फटीगच्या रिपोर्टांचा आणि त्यांवर केलेल्या कारवाईचा अहवाल दर तीन महिन्यांनी डीजीसीएला द्यावा लागतो. तुमचा रिपोर्ट त्यात मोजला जायलाच हवा. त्यात वेळा लिहा, भावना नकोत.

६. कॉकपिटमध्ये झोप चोरू नका, ठरवून घ्या

ब्रीफिंगमध्ये कॅप्टनला झोपेचा आकडा सांगा: ‘सर, आज पाचच तास झालीय.’ कंपनीच्या मॅन्युअलमध्ये ठरवून घ्यायच्या डुलकीची परवानगी असेल तरच ती घ्या, क्रूझमध्ये आणि एका वेळी एकानेच. केबिन क्रूला आधी कळवा आणि ठरलेल्या मिनिटांनी त्यांचा इंटरफोन येईल असं करा. नासाच्या जुन्या प्रयोगात वैमानिकांना ४० मिनिटं दिली तेव्हा सरासरी २६ मिनिटं झोप लागली आणि पुढची सावधता सुधारली. मात्र उतरायला सुरुवात होण्याच्या पुष्कळ आधी, किमान अर्धा तास, जागं व्हायलाच हवं.

२२ मे २०१० रोजी दुबईहून मंगळूरला आलेल्या विमानाचा कॅप्टन दीड तासाहून जास्त झोपला होता. तो उठल्यावर विमान फार उंचावरून आलं, फर्स्ट ऑफिसरने तीनदा ‘गो अराउंड’ म्हटलं, तरी कॅप्टन उतरला. १५८ जीव गेले. चौकशीत झोपेनंतरच्या जडपणाची नोंद झाली. जानेवारी २०२४ मध्ये इंडोनेशियात केंदारीहून जकार्ताला येताना कॅप्टन सांगून झोपला आणि नकळत सहवैमानिकाचाही डोळा लागला. २८ मिनिटं दोघंही झोपेत. सहवैमानिकाच्या घरी महिनाभराची जुळी होती. विमान सुखरूप उतरलं. तान्ही बाळं घरी असलेल्या प्रत्येकाने या दुसऱ्या घटनेचा अहवाल वाचावा.

७. उतरल्यावर

रात्रभर उडून स्वतः गाडी चालवत एक्स्प्रेस वेवर जाऊ नका. कंपनीची गाडी घ्या, नाहीतर क्रू रूममध्ये आधी एक झोप काढा. घरी सकाळी दीड-दोन तासच झोपा आणि उठा, म्हणजे रात्री वेळेवर झोप लागेल. ४८ तासांच्या विश्रांतीतल्या दोन्ही रात्री लग्नाच्या वऱ्हाडात किंवा गावाच्या एसटीत घालवू नका. तूट भरून निघते ती सलग दोन रात्रींच्या झोपेनेच. मग मोबाइलमधले तीन आकडे पुन्हा मांडा आणि फटीगच्या रिपोर्टाला उत्तर आलंय का ते पाहा. आलं नसेल तर रिपोर्टचा क्रमांक घालून सेफ्टी विभागाला लेखी विचारा.