दिवसा येणारी झोप : आळस की आजार?

आपल्या ऐरोलीत संध्याकाळी दिवे लागले की काहींचा दिवस सुरू होतो. चिंचपाडा, यादवनगरमधून कुणी आयटी पार्कवर सिक्युरिटीला निघतो, कुणी एमआयडीसीत नाइट शिफ्टला, कुणी रात्रभर गाडी चालवायला. हीच माणसं दिवसा विहारात किंवा पालकसभेत पेंगताना दिसली, की आपण हसतो. बाकावर झोपणाऱ्या पोराला 'आळशी' म्हणतो. डुलकी लागली म्हणून हातची नोकरीही जाते. म्हणून या वेळी आम्ही दिवसा येणाऱ्या झोपेविषयी सांगणार आहोत.

अंगुत्तर निकायात एक प्रसंग आहे. महामोग्गल्लान ध्यानाला बसले असता पेंगत होते. भगवंतांनी त्यांना आळशी ठरवले नाही. पाठ म्हणणे, कान आणि अंग चोळणे, डोळ्यांना पाणी लावणे, चालणे असे एकेक उपाय सांगितले. तरीही झोप गेली नाही, तर उजव्या कुशीवर झोपायला सांगितले. आपणही दोष देण्याआधी कारण शोधावे.

स्वतःला तपासा

1991 साली ऑस्ट्रेलियातील डॉ. मरे जॉन्स यांनी एक सोपी चाचणी मांडली. पुढील आठ वेळी डुलकी लागण्याची शक्यता किती, याला 0 ते 3 गुण द्या. मुळीच नाही तर 0, थोडी असेल तर 1, मध्यम असेल तर 2, खूप असेल तर 3.

1. बसून वाचताना
2. टीव्ही पाहताना
3. सभेत किंवा सार्वजनिक ठिकाणी नुसते बसले असताना
4. गाडीत तासभर प्रवासी म्हणून बसले असताना
5. दुपारी आडवे झाल्यावर
6. कुणाशी बसून बोलताना
7. जेवणानंतर शांत बसले असताना (दारू घेतलेली नसताना)
8. गाडी सिग्नलला काही मिनिटे थांबली असताना

बेरीज 10 च्या वर गेली तर डॉक्टरांना भेटा.

कारणे कोणती?

पहिले कारण अपुरी झोप. मोठ्या माणसाला दिवसाकाठी किमान 7 तास झोप लागते. रात्रपाळीवाला सकाळी घरी येतो तेव्हा एका खोलीत टीव्ही, कुकर, पोरं सगळंच चालू असतं. घरच्यांनी ठरवून त्याला काही तास अंधार आणि शांतता द्यावी. तीही औषधाइतकीच गरजेची आहे. सर्दी-खाजेच्या काही गोळ्यांनी गुंगी येते. दारूने झोप लागते, पण ती तुटक असते. रक्त कमी असणे, थायरॉईड आणि मधुमेह यांचीही तपासणी करून घ्या.

दुसरे कारण घोरणे. आपण त्याला गाढ झोप समजतो. पण घोरता घोरता श्वास थांबत असेल आणि माणूस गुदमरून दचकत असेल, तर तो आजार आहे. मेंदू रात्रभर अर्धवट जागा राहतो. सकाळी डोके दुखते, रक्तदाब वाढतो, दिवसा झोप येते. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांच्या 2004 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत 35 ते 65 वयाच्या 100 पुरुषांमागे 7 ते 8 जणांना हा आजार आढळला. वजन कमी करणे, दारू सोडणे आणि कुशीवर झोपणे याने फरक पडतो. आजार जास्त असेल तर नाकावर मास्क लावून हवेच्या दाबाने श्वासाची वाट उघडी ठेवणारे मशीन देतात.

तिसरे कारण नार्कोलेप्सी. हा आजार कमी लोकांना होतो आणि बहुधा शाळा-कॉलेजच्या वयात सुरू होतो. मेंदूला जागे ठेवणारे एक रसायन तयार करणाऱ्या पेशी नष्ट होतात. रात्री झोपूनही दिवसा आवरत नाही अशी झोप येते. काहींचे जोरात हसताना गुडघे लटके पडतात, पण शुद्ध असते. काहींना जाग आल्यावर क्षणभर हातपाय हलवता येत नाहीत, छातीवर कुणी बसल्यासारखे वाटते.

इथेच घरचे घाबरतात आणि गंडेदोरे, भगत, उतारा सुरू होतो. ही बाहेरची बाधा नाही. झोपेतला शरीराचा ढिलेपणा जाग आल्यावरही काही क्षण टिकतो, एवढेच. जागरणामुळे निरोगी माणसालाही असे होऊ शकते. अंगाऱ्यात घालवलेली वर्षे त्या मुला-मुलीच्या शिक्षणातून वजा होतात.

नार्कोलेप्सी मुळापासून बरी करणारे औषध अजून नाही, पण ती आटोक्यात राहते. दिवसातून ठरलेल्या वेळी 15-20 मिनिटांची झोप आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घेऊन माणूस शिकू शकतो, नोकरीही करू शकतो. यातली मोडाफिनिल ही गोळी रात्रपाळीसाठी मित्राकडून मागून घेऊ नका. तिच्यामुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, हे भगिनींनी डॉक्टरांशी जरूर बोलावे.

कुठे जावे?

सुरुवात महापालिकेच्या ऐरोलीतील राजमाता जिजाऊ रुग्णालयातून करा. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, थायरॉईड याविषयी विचारा. पुढे गरज पडली तर परळच्या के.ई.एम. किंवा भायखळ्याच्या जे.जे. रुग्णालयातील मेंदूविकार विभागासाठी चिठ्ठी मागा. झोपेची तपासणी सांगितली तर घाबरू नका. अंगाला वायरी लावून रात्रभर झोपवतात, दुखत काही नाही.

जाताना दोन आठवड्यांची नोंद न्या : कधी झोपलो, कधी उठलो, दिवसा कधी डुलकी लागली. घोरण्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढा. झोपणाऱ्याला स्वतःचे घोरणे कळत नाही, म्हणून घरच्या माणसाला सोबत घ्या.

आणि एक विनंती. झोप आवरत नसेल तर रिक्षा, टेम्पो, बाईक चालवू नका. गाडी बाजूला लावा, वीस मिनिटे झोपा. मशीनवर काम असेल तर सुपरवायझरला सांगा. घरात कुणी सारखे पेंगत असेल, तर पुढच्या वेळी हसण्याआधी विचारा, "रात्री झोप नीट लागते का?"